गाडी आपली, हप्ते आपले, मग गाडीच्या पोटातली माहिती एकट्या कंपनीची कशी?

गेले चार दिवस बार्शीतल्या निम्म्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. लातूर रोडच्या एका गॅरेजमधली केबल आहे. मधेच कापलेली, सोल्डर मारून जोडलेली, वर काळी नळी चढवलेली. एका टोकाला गाडीत खुपसायचं 16 पिनांचं जाडजूड कनेक्टर, दुसऱ्या टोकाला मोबाइलची टाइप-सी पिन. फोटोखाली मजकूर असा की, असल्या जुगाडू मिस्त्र्यांपासून सावध राहा, गाडीचा कॉम्प्युटर उडेल, वॉरंटी जाईल, गाडी फक्त अधिकृत सेंटरलाच दाखवा.

हा मजकूर कोणी लिहिला याच्याशी मला देणंघेणं नाही. त्यात जे सांगितलंय त्याच्याशी आहे. कारण तो वाचून आपल्यातलेच लोक त्या पोराला फोन करून शिव्या घालतायत. ज्यांच्या गाड्या त्याने रात्री अकरा वाजता रस्त्यावर सुरू करून दिल्या, तेही त्यात आहेत.

म्हणून सरळ लिहितो. त्या पोराने केलेलं काम बेकायदा नाही. त्यात थोडा धोका आहे, तो आवरता येतो, आणि कसा आवरायचा तेही खाली लिहिलंय. पण जी गोष्ट गाडीमालकाला हक्काने मिळायला हवी होती, ती आज कापलेल्या केबलीतून मिळवावी लागते, याची लाज त्या पोराला नको, कंपन्यांना आणि सरकारला वाटायला हवी.

आधी केबल काय आहे ते समजून घ्या

तुमच्या गाडीत ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, डॅशबोर्डखाली हात घाला. 16 भोकांचं एक सॉकेट लागेल. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. अमेरिकेत 1996 पासूनच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-4 च्या काळात आलं आणि 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत तर त्याशिवाय पानच हलत नाही.

हे पोर्ट कशासाठी? इंजिन धूर जास्त सोडायला लागलं, एखादा सेन्सर गेला, एखादा सिलिंडर मिस मारायला लागला, की गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो आणि एक कोड लिहून ठेवतो. पी-0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी-0113 म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची लाइन तुटल्यासारखी दिसतेय. पी-0 ने सुरू होणारे हे कोड सगळ्या कंपन्यांना सारखे. त्यात गुपित काही नाही. प्रदूषण आटोक्यात राहावं आणि कोणालाही बिघाड कळावा म्हणूनच ते एकसारखे ठरवलेले आहेत.

पोर्टच्या 4 आणि 5 नंबरच्या पिनेवर ग्राउंड, 16 वर बॅटरीचे 12 व्होल्ट. नव्या गाड्या 6 आणि 14 वरून बोलतात, जुन्या बऱ्याचशा 7 वरून. केबलीच्या डबीत एक चिप असते, ती गाडीची भाषा यूएसबीच्या भाषेत आणते. अशी केबल ऑनलाइन हजार रुपयांच्या आत येते. अडचण एवढीच की तिच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉपची चपटी पिन असते.

आता आपल्या किती गॅरेजात लॅपटॉप आहे? एखाद्याकडे असलाच तर चालू व्हायला दहा मिनिटं, बॅटरी मेलेली, म्हणून गाडीपर्यंत एक्स्टेंशन बोर्ड ओढायचा. मोबाइल मात्र झाडणाऱ्या पोराच्या खिशातही आहे. आणि अँड्रॉइड फोनवर कोड वाचायची मोफत अ‍ॅप आहेत.

पोराने नेमकं काय केलं

लॅपटॉपची पिन कापली आणि टाइप-सी पिन लावली. ऐकायला सोपं वाटतं, पण नुसत्या तारा जोडून हे चालत नाही.

फोनला आधी कळावं लागतं की समोर चार्जर आहे की आपण चालवायचं एखादं उपकरण. चार्जिंगच्या साध्या केबलीत, जिला एका बाजूला चपटी पिन असते तिच्यात, 56 किलो-ओहमचा रेझिस्टर पाच व्होल्टच्या तारेकडे लावलेला असतो. तो बघून फोन समजतो की चार्जर आला. तीच पिन कापून या केबलीला जोडली तर फोन चार्जिंगची वाट बघत बसतो आणि अ‍ॅपमध्ये काहीच दिसत नाही. म्हणून टाइप-सीमधला सीसी नावाचा संपर्क 5.1 किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला न्यावा लागतो. मग फोनला कळतं की समोरच्याला आपण करंट द्यायचा आणि आपणच चालवायचं. जुन्या मायक्रो-यूएसबी फोनला हेच काम चौथी पिन ग्राउंडला जोडून होतं. बाकी लाल तार पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी-पांढरी डेटा.

रुपयाभराचा रेझिस्टर आहे हा. पण कोणता आणि कुठे, हे माहीत असावं लागतं. त्या पोराने आयटीआय केलाय, बाकी यूट्यूब बघून आणि दोन केबली वाया घालवून शिकला. याला आपण जुगाड म्हणून हिणवतो. पुण्यातल्या कॉलेजात केलं असतं तर प्रोजेक्ट म्हणून बक्षीस मिळालं असतं.

कोणी म्हणेल, शंभर रुपयांत ओटीजी कनेक्टर मिळतो, तो लावायचा ना. लावता येतो, घरच्या वापराला तोच लावा. पण गॅरेजात दिवसाला आठ गाड्या बघताना तो लुकलुकतो, सैल होतो आणि आठवड्यात कुठल्यातरी सीटखाली जाऊन बसतो. एकसंध केबल टिकते. त्याने ती लांबही ठेवलीय, का, तर फोन गाडीबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात देता यावा. ही बारीकशी गोष्ट पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे, लक्षात ठेवा.

दुसरा कोणी म्हणेल, ब्लूटूथचा ठोकळा मिळतो की तीनशे रुपयांत. मिळतो. त्यातल्या बहुतेकांत मूळ चिपची नक्कल असते, काही कमांड तिला कळतच नाहीत, आणि पासवर्ड 1234 नाहीतर 0000. गाडीत लावून ठेवलात तर शेजारच्या गाडीतल्यालाही जोडता येतो. आयफोनवर साधं ब्लूटूथवालं चालतच नाही. वायफायवालं लावलं तर बऱ्याचदा फोनचं इंटरनेट त्यातच अडकतं, मग कोडचा अर्थ शोधायचा कशावर? केबलीत या भानगडी नाहीत. तार जिथे आहे तिथेच माहिती जाते. आयफोनवाल्यांना मात्र ही केबल उपयोगाची नाही, तेही सांगून ठेवतो.

आता मूळ दुखणं

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षक दांपत्याची 2016 ची डिझेल गाडी आहे. पिवळा दिवा लागला. वॉरंटी केव्हाच संपलेली, तरी नको ती जोखीम म्हणून गाडी अधिकृत सेंटरला नेली. बार्शीहून 70 किलोमीटर जाणं, तेवढंच येणं आणि शाळेची एक रजा. तिथे 900 रुपये स्कॅनिंगचे घेतले. कोड कोणता आला विचारलं, तर ते कंपनीचं अंतर्गत असतं म्हणून सांगितलं. वायरिंगचा पूर्ण हार्नेस बदलावा लागेल, 38 हजार. सरांनी दोन दिवस मागून घेतले आणि गाडी तशीच परत आणली.

इथे त्या पोराने केबल लावली आणि फोन सरांच्या हातात दिला. पी-0113. एअर फिल्टरच्या डब्याजवळ बघितलं तर उंदराने सेन्सरची तार कुरतडलेली. तार जोडली, नळी चढवली, कोड काढला, दिवा गेला. साडेतीनशे रुपये. वर उंदराला घाबरवायला बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवायचा सल्ला फुकट.

सेंटरवाल्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांच्या नियमात कुरतडलेली तार जोडायची नाही, हार्नेसच बदलायचा, असं असेल. पण मग कोड सांगायला काय हरकत होती? 900 रुपये ज्या माहितीचे घेतले, ती माहितीच दिली नाही. डॉक्टरने रक्त तपासायचे पैसे घ्यायचे, रिपोर्ट स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि थेट ऑपरेशनचा खर्च सांगायचा, असं चाललं असतं का आपल्याला?

हा प्रश्न एका सेंटरचा नाही. गाडीतल्या माहितीचा मालक कोण, हा आहे. गाडी माझ्या पैशाने घेतलेली, पाच वर्षं हप्ते मी भरलेले, ती चालवल्यामुळेच ती माहिती तयार झालेली. आणि ती वाचायची परवानगी मी दुसऱ्याकडे मागायची?

दहा वर्षांपूर्वीच निकाल लागलाय

हे माझं एकट्याचं मत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि मिळून 2,544 कोटींहून जास्त दंड ठोठावला. आरोप काय होता? सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाला आपल्याच सेंटरला यावं लागतं. त्या चौदांत देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या होत्या. आयोगाने दंडावर थांबता हेही सांगितलं की सुटे भाग आणि निदानाची साधनं सहज मिळतील अशी व्यवस्था करा, आणि बाहेरच्या गॅरेजात गाडी दाखवली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका.

परत वाचा ते शेवटचं वाक्य. फोटोखालच्या मजकुरात जी धमकी आहे ना, वॉरंटी जाईल म्हणून, तिच्यावर देशाच्या आयोगाने तेव्हाच बोट ठेवलंय. आता त्या मिस्त्र्याच्या कामामुळेच एखादा भाग जळाला तर त्या भागाची वॉरंटी कंपनी नाकारू शकते, ते रास्तच आहे. पण केबल लावून कोड वाचला म्हणून वॉरंटी गेली, असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून लेखी मागा. बघा देतो का.

पुढे काय झालं? व्हायचं तेच. कंपन्या अपिलात गेल्या आणि कोर्टाच्या फेऱ्या सुरू झाल्या. 2022 च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. 24 डिसेंबर 2022 ला, ग्राहक दिनाचा मुहूर्त साधून, पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर कंपन्यांची नावं, हेल्पलाइन, सेंटरचे पत्ते. पण माहिती दिली नाही तर शिक्षा करणारा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही. लातूर रोडच्या मिस्त्र्याला त्या पोर्टलवरून एका गाडीची वायरिंग डायग्राम काढून दाखवा, माझ्याकडून चहा.

बाहेर बघा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये लोकांनी मतदान करून दुरुस्तीचा हक्क मागून घेतला, 86 टक्क्यांच्या आसपास मतं बाजूने. मग कंपन्या गाडीतून थेट आपल्या सर्व्हरला माहिती पाठवायला लागल्या, तेव्हा 2020 ला लोकांनी पुन्हा मतदान केलं. त्यात मागणीच ही होती की ती माहिती मालकाला त्याच्या मोबाइलच्या अ‍ॅपवर मिळावी. तेही 75 टक्क्यांच्या आसपास मतांनी झालं. आपला पोरगा रेझिस्टर लावून जे करतोय, त्यासाठी तिथे कायदा आहे.

युरोपात तर अगदी हेच भांडण कोर्टात गेलं. एका मोठ्या कंपनीने गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवलं. बाहेरच्या गॅरेजने कंपनीकडे नाव नोंदवायचं, लॉगिन घ्यायचं, मगच पोर्टवरून पुरतं काम करता येणार. गॅरेजवाल्यांच्या साखळ्या कोर्टात गेल्या. 5 ऑक्टोबर 2023 ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात नसलेल्या अशा जादा अटी कंपनीला घालता येणार नाहीत. सायबर सुरक्षेचं कारण कंपनीने पुढे केलं होतं, ते चाललं नाही.

कंपनी गेली, गाडी राहिली

शेवरोलेने 2017 संपता संपता भारतातली विक्री बंद केली. फोर्डने 9 सप्टेंबर 2021 ला इथे गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. फियाटच्या गाड्याही शोरूममधून गेल्या. बीट, फिगो, इकोस्पोर्ट, पुंटो आपल्या रस्त्यावर अजून धावतायत. त्यांचे मालक आपलेच लोक आहेत. कोणी किराणावाला, कोणी पतसंस्थेत क्लार्क. जवळचं सेंटर बंद झालं की यांनी काय करायचं?

फोर्डच्याच गाड्यांचं सांगतो. बऱ्याच मॉडेलांत कॉम्प्युटरचं बोलणं दोन जोड्यांवर चालतं. इंजिनाचं 6 आणि 14 वर, आणि आतल्या काही गोष्टींचं 3 आणि 11 वर. साधी केबल पहिलीच जोडी ऐकते. म्हणून जगभरातल्या फोर्डवाल्यांनी केबलीच्या डबीत छोटा स्विच बसवायला सुरुवात केली. स्विच इकडे केला की इंजिन, तिकडे केला की बाकीचं. आता तर असा स्विच बसवलेल्या केबली तयार विकत मिळतात. म्हणजे लोकांनी घरात केलेला जुगाडच पुढे बाजारातला माल झाला. त्या पोराच्या गॅरेजात अशीही एक केबल आहे. ज्या गाड्यांना वाली उरला नाही, त्या अशा केबलींवर जगतायत.

आणि ज्यांना वाटतं की आपल्याकडे कार नाही, आपल्याला काय त्याचं, त्यांनी ट्रॅक्टरकडे बघावं. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम लागले, त्याबरोबर इंजिनात सेन्सर आणि कॉम्प्युटर आले. सॉकेट वेगळं असेल, गोष्ट तीच. मृगाचा पाऊस पडलाय, सोयाबीनच्या पेरणीला वापसा आलाय आणि दिवा लागून ट्रॅक्टर ताकद देईना झालाय. कंपनीचा लॅपटॉपवाला परवा येणार. वापसा थांबतो का परवापर्यंत? अमेरिकेत याच कारणावरून जानेवारी 2025 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीला कोर्टात खेचलं. आपल्याकडे शेतकऱ्याने कोणाला खेचायचं?

कंपन्यांचं म्हणणं आणि त्याला उत्तर

त्यांचा पहिला मुद्दा चोरीचा. पोर्टमधून नवी किल्ली बनवता येते, मीटर मागे फिरवता येतो. खरं आहे, होतात असे प्रकार. पण वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. किल्ली बनवणं, मीटरला हात लावणं, कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलणं या लिहिण्याच्या गोष्टी. त्यांना कुलूप लावा, ओळखपत्र मागा, नोंद ठेवा, माझी हरकत नाही. कोड वाचणं, तापमान बघणं, बॅटरीचं व्होल्टेज बघणं हे वाचणं आहे. सातबाऱ्यात खाडाखोड होऊ नये म्हणून सातबारा बघायलाच बंदी घालतो का आपण?

दुसरा मुद्दा, अडाणी माणूस नुकसान करेल. करू शकतो. म्हणून तर माहिती उघडी हवी, म्हणजे तो अडाणी राहणार नाही. माहितीपुस्तक लपवायचं आणि मग तुम्हाला काही येत नाही म्हणून हिणवायचं, हा कुठला न्याय?

तिसरा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे. केबलीची पिन बदलल्याने गाडीत काय बदललं? केबल काढली की गाडी होती तशी. केबल त्याची, पैसे त्याचे.

केबलीवरचं आपलं नियंत्रण किती तकलादू असतं, त्याचाही एक किस्सा ऐका. अशा केबलींत जी चिप वापरतात, ती बनवणारी एफटीडीआय नावाची ब्रिटिश कंपनी आहे. तिच्या चिपची नक्कल बाजारात भरपूर. ऑक्टोबर 2014 मध्ये कंपनीने विंडोजच्या अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला की नकली चिप असलेल्या केबलीचा ओळख क्रमांकच शून्य व्हायचा. केबल लॅपटॉपला ओळखूच येईना. ज्यांनी खरी समजून पैसे मोजले, त्यांच्याही केबली रातोरात मेल्या. जगभर बोंबाबोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला. नक्कल करणारा चोर नामानिराळा राहिला आणि मार खाल्ला गिऱ्हाइकाने. अँड्रॉइडवर अ‍ॅप चिपशी थेट बोलतं, तो विंडोजचा ड्रायव्हर मधे येतच नाही. फोनला जोडण्यात हाही एक फायदा.

गॅरेजवाल्यांनो, आता तुमच्याबद्दल

कंपन्यांना बोललो म्हणजे तुम्ही सगळे संत झालात असं नाही.

कोड म्हणजे निदान नव्हे. पी-0420 आला म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगणारे आपल्याकडेही आहेत. तो कोड एवढंच सांगतो की कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाहीये असं दिसतंय. सायलेन्सर फुटला असेल, ऑक्सिजन सेन्सर गेला असेल, आधी ते बघायचं असतं. काही जण दुरुस्ती न करताच कोड पुसतात, दिवा विझवून पाचशे घेतात. तीन दिवसांनी दिवा परत लागतो. ही चोरीच आहे. आणि बीएस-6 डिझेलचा धुराचा फिल्टर काढून टाकून कॉम्प्युटरला खोटं सांगायला लावणारे तर माझ्या मते गुन्हेगार. तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. त्यांनी दुरुस्तीच्या हक्काची ढाल पुढे करू नये.

माहिती कंपनीने लपवली काय आणि मिस्त्र्याने लपवली काय, गिऱ्हाइकाला सारखंच. म्हणून त्या पोराची मला आवडलेली गोष्ट सोल्डरिंगची नाही. तो फोन गिऱ्हाइकाच्या हातात देतो, ही आहे. कोड तुम्हीच वाचा, स्क्रीनशॉट काढा, पाहिजे तर दुसऱ्या गॅरेजला दाखवा, म्हणतो. बार्शीतल्या प्रत्येक गॅरेजात आणि सोलापूर-लातूरच्या प्रत्येक सेंटरात हे झालं की अर्धी फसवणूक जागेवर थांबेल.

जे स्वतः करणार आहेत त्यांच्यासाठी

पोर्टच्या 16 नंबरच्या पिनेवर गाडी बंद असली तरी 12 व्होल्ट असतात. ते चुकून फोनकडे गेले तर फोन गेलाच समजा. जोडकाम झालं की आधी केबल गाडीला लावा, फोनला नाही, आणि मल्टीमीटरने टाइप-सी पिनेकडचं व्होल्टेज बघा. पाचाच्या वर काटा गेला तर थांबा. प्रत्येक जोडावर वेगळी नळी चढवा, नुसती चिकटपट्टी नको, उन्हात गाडी तापली की ती सुटते. पहिल्यांदा जुना फोन वापरा. केबल रात्रभर गाडीत ठेवू नका, बॅटरी उतरते. चालत्या गाडीत तर अजिबात लोंबकळू देऊ नका, क्लच-ब्रेकमध्ये अडकली तर जिवाशी खेळ. आणि सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर मुकाट शंभर रुपयांचा ओटीजी कनेक्टर घ्या.

मागण्या

1. केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करावा. त्यात कोड, वायरिंग डायग्राम आणि निदानाची साधनं वाजवी दरात देणं सक्तीचं असावं, न देणाऱ्याला दंड असावा. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. विचारला तर त्याची बातमी मी पहिल्या पानावर करीन, नाही विचारला तरी करीन.

2. आपल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना ओबीडीचं प्रात्यक्षिक मिळावं. एक जुनी गाडी, दहा केबली, एक मल्टीमीटर. नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या दोन फ्लेक्सच्या खर्चात होईल.

3. स्कॅनिंगचे पैसे घेतले की कोडची लेखी प्रत द्यायची, सेंटर असो की गॅरेज. ग्राहक म्हणून तुम्ही आजपासून मागायला लागा. देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तक्रार करा. तक्रारीचा नंबर जपून ठेवा आणि मला पाठवा. अशा पंचवीस तक्रारी जमल्या की त्या घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांना भेटू.

4. ज्या ग्रुपवर तो फोटो आला असेल, तिथे ही पोस्ट टाका. त्या पोराचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही, तुम्हीही लिहू नका. त्याला प्रसिद्धी नकोय, गिऱ्हाईक तुटू नये एवढंच हवंय.

उद्या तुमच्या गाडीचा दिवा लागला, तर कुठेही जा. सेंटरला जा, गॅरेजला जा, तुमची मर्जी. फक्त बॉनेट उघडायच्या आधी एक प्रश्न विचारा, "कोड काय आलाय, दाखवा." पुढची बोलणी दाखवल्यावर.